आठ जणांची ओढ

१

गेली सहा वर्षं माझी सकाळ एकाच क्रमाने जाते. सव्वासातला दुकानाचं शटर वर. गणपतीच्या फोटोला उदबत्ती. झेरॉक्सचं मशीन तापायला लावायचं, कारण पौषातल्या गारठ्यात त्याच्या पहिल्या दोन प्रती काळ्याच येतात. मग समोरच्या टपरीवरचा चहा हातात घेऊन लाकडी शिडीने माळ्यावर जायचं आणि तिथल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा एक आकडा बघायचा. शंभर. कधी सत्त्याण्णव, वीज फार वेळ गेली असेल तर चौऱ्याण्णव. शंभराच्या वर कधीच नाही. आकडा बघितला की चहा संपवून खाली. सातबारा, रेशनकार्ड, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, पासपोर्ट साइज फोटो. मालवणच्या बाजारात असल्या दुकानाला मरण नाही, तशी बरकतही नाही.

तो आकडा कसला, हे सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी सगळं जग बिटकॉइनच्या नावाने पिसाटलं होतं, तेव्हा आम्ही तिघांनी आमचं स्वतःचं एक नाणं काढलं. तिघं म्हणजे मी प्रितेश, माझा शाळेपासूनचा मित्र जुबेर आणि देवगडची योगिनी. नाण्याचं नाव 'वाटो', म्हणजे मालवणीत वाटा. त्या नाण्यावर आजवर कोणी काडेपेटीसुद्धा विकत घेतलेली नाही, घेणारही नाही. पण वही मात्र खरी होती. असल्या नाण्याची एक वही असते आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर तिची तीच प्रत असते. नवं पान जोडायचं तर कॉम्प्युटरला एक आकडा हुडकावा लागतो. त्यात अक्कल लागत नाही, सेकंदाला लाखो अंदाज मारत राहायचं. ज्याचा अंदाज आधी लागला त्याचं पान. याला मायनिंग म्हणतात.

दर दहा मिनिटांनी एक पान पडावं, असा नियम. कॉम्प्युटर वाढले की पानं भराभर पडू लागतात. म्हणून दर एक हजार आठ पानांनी, म्हणजे बरोबर आठवड्याने, वही आपली आपणच बघते, की ही पानं पडायला किती वेळ लागला? लवकर पडली असतील तर पुढचं काम अवघड करते, रेंगाळली असतील तर सोपं. त्या अवघडपणाच्या आकड्याला इंग्रजीत डिफिकल्टी म्हणतात. आम्ही त्याला ओढ म्हणायचो. आमचे तिन्ही कॉम्प्युटर कोल्हापूरच्या एकाच ऑफिसातून काढलेले, एका जातीचे. एका कॉम्प्युटरची ओढ शंभर, तिघांची तीनशे. योगिनी पुण्याला नोकरीला गेली, काही महिन्यांनी तिने मशीन बंद केलं, दोनशे झाली. जुबेर गेला, शंभर उरली. ते शंभर म्हणजे मी.

ओढ बदलायचा वार सोमवार. त्या शुक्रवारी, नऊ जानेवारीला, मी वर गेलो तेव्हा पडद्यावर दोनशे होते.

डोळ्यांवर झोप असेल म्हणून चष्मा पुसला. दोनशेच. बदलाची वेळ होती गुरुवार, संध्याकाळी सात. सोमवारी सकाळी सुरू झालेली पानं साडेतीन दिवसांत संपली होती. दोघं ओढतात तेव्हा बरोबर एवढाच वेळ लागतो. मी त्या साडेतीन दिवसांतली पानं उघडून बघितली. एका आड एक म्हणावं इतकी सारखी वाटणी होती. निम्म्या पानांवर माझी खूण होती, 'प्र'. उरलेल्यांवर 'ज'.

चहा तसाच थंड झाला.

२

ओढ हा शब्द जुबेरचा, पण कल्पना माझ्या वडिलांची. माझे वडील गुणाजी आमच्या वाडीच्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, होते. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीने अर्धगोल फिरून ते दर्यात सोडायचं आणि त्याचे दोन दोर वाळूवरून माणसांनी ओढायचे. दोन टोकांमध्ये पाव मैलाचं अंतर, त्यात सकाळचं धुकं. या टोकाच्या माणसाला ते टोक दिसायचं नाही. बाबा दोरावर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "थंय चवदा आसत. एक नुसतो लोंबकळता." जाऊन मोजलं तर चौदाच भरायचे आणि त्यातला एक खरोखर तंबाखू मळत उभा असायचा. जितके हात आले असतील तितकं जाळं लांब टाकायचं. हात कमी तर जाळं जवळ. माणसं किती का असेनात, ऊन चढायच्या आत मासळी वाळूवर आली पाहिजे, हा त्यांचा हिशेब.

योगिनी एकदा आम्हाला याच माळ्यावर तासभर डिफिकल्टी समजावत होती. मी माना डोलावत होतो, डोक्यात काही शिरत नव्हतं. जुबेर कलिंगड खात होता. बिया खिडकीबाहेर थुंकून म्हणाला, "गो योगिनी, ह्यां तर गुणाजीकाका रोज करतत." त्या दिवसापासून आम्ही नियमही रापणीचेच घेतले. ज्याचा हात दोराला लागला त्याचा वाटा. आणि आमच्या वाडीच्या रापणीतला आणखी एक: दर्यात गेलेल्या माणसाचं नाव घरचे सांगेपर्यंत वाट्यातून काढायचं नाही. जुबेर गेल्यावर वर्षभराने योगिनी म्हणाली होती, त्याची खूण वहीतून रद्द करू या, उगाच उघडी राहते. मी फोनवर तिच्यावर खेकसलो होतो. नंतर माफी मागितली, पण खूण राहिली.

प्रत्येक पानावर एक ओळ लिहायची सोय होती. तीच आमची गंमत. ती जुनी पानं मी अजून वाचतो. 'ज: आज बांगडे इतके की माजरां पण नको म्हणतत.' 'यो: ऑफिसात विचारतात, मालवण गोव्यात येतं ना?' 'प्र: नळाला पाणी आलं. लाल आहे, पण आलं.' आणि एका डिसेंबरातलं, 'ज: तिना होय म्हटल्यान! कोणाक सांगू नकात.' साऱ्या जगाला वाचता येईल अशा वहीत लिहिलं होतं गाढवाने.

मला अधूनमधून विचारतात, हे धूड कशाला चालू ठेवलंय, विजेचं बिल भरतोस की. मी बॅकअप, सर्व्हर असलं काहीबाही सांगतो. खरं कारण सांगायची लाज वाटते. मला जुबेरची आठवण येते, एवढंच.

त्याचं शेवटचं पान आहे, 'सोमवारी येतंय. मगे बोलू.'

३

त्याच शुक्रवारी दुपारी सनोबर दुकानात आली. सनोबर म्हणजे जुबेरची बायको. पण तिला अजून बायको म्हणायचं की नाही, हाच तर सगळा प्रश्न होता.

सहा वर्षांपूर्वी दिवाळीनंतर दर्या अचानक उठला, तेव्हा जुबेरचा ट्रॉलर बाहेर होता. त्याच्यावर तो धरून सात जण. देवगडच्या बाजूला एक डिझेलचा कॅन आणि दोन फळ्या लागल्या. माणूस एकही लागला नाही, जिवंत वा मेलेला. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. माणूस मेल्याचं ठरल्याशिवाय सनोबर विधवा नाही, आणि नवरा घरात नाही म्हणून सवाष्ण तरी कशी म्हणायची. चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर तिच्या कायद्याने निकाह मोडून मागता येतो. तिने चार वर्षं वाट बघितली, मग कोर्टाच्या खेपा घातल्या. गेल्या जुलैत निकाल तिच्या बाजूने लागला. पण त्या निकालाला सहा महिन्यांची मुदत होती.

"चार प्रती काढ प्रितेशदादा," ती कागद पुढे करत म्हणाली. "एक मुनीरच्या घरच्यांका दाखवूक होयी."

मुनीर बांद्याचा, सनोबरचं त्याच्याशी जमत आलं होतं. फरशांचं दुकान आहे त्याचं, बायको वारलेली, पाच वर्षांची मुलगी. ती मुलगी रोज संध्याकाळी सनोबरला फोन करून शाळेतलं सगळं सांगते, कोण पडलं, कोणी कोणाचा डबा खाल्ला. सनोबर ते मला सांगताना हात हलवून सांगायची. कितीतरी वर्षांनी तिचे हात असे हलताना बघत होतो.

"वकिलीणबाई काय म्हणाली?" मी विचारलं.

"एकोणीस तारखेक, सोमवारी, कोर्ट बंद झाला की संपला. तोपर्यंत नवरो आपण इलो, नायतर तेना माणूस धाडल्यान, तर निकाल मोडता." मग हसल्यासारखं करून म्हणाली, "धा दिस रवले. सहा वर्सां गेली ती बरी, हे धा दिस जाय नत."

मशीनने पहिली प्रत काळी काढली, तापलेलं असूनही. माझ्या डोक्यावर, माळ्याच्या फळ्यांपलीकडे, जुबेरच्या नावाने पानं पडत होती. हिला सांगावं का? कोर्टाला पुरावा लागला असता. सनोबरला लागला नसता. मी नुसतं म्हणालो असतो की त्याच्या खुणेचं पान आलंय, तर ती बांद्याला फोन करून सगळं थांबवून पुन्हा बंदरावर जाऊन उभी राहिली असती. तिचा स्वभावच तसा.

"तू गप कित्याक?" तिने विचारलं.

"काय नाय. शाई संपत इली," मी म्हणालो.

४

योगिनीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. तिला भुताखेताचं वावडं आहे, ते मला बरं वाटलं.

"कोणीतरी त्याची किल्ली वापरतंय," ती म्हणाली. "किल्लीशिवाय, त्या गुप्त आकड्याशिवाय, त्याची खूण उमटणारच नाही. आणि ती फक्त त्याच्या मशीनमध्ये होती. ते मशीन कुठे आहे?"

"सकिनाचाचीकडे. त्याच्या खोलीत."

"मग जाऊन बघ ना. उगाच घाबरून काय बसलायस? भाच्याबिच्याने सुरू केलं असेल."

सकिनाचाची म्हणजे जुबेरची आई. शनिवारी सकाळी गेलो तेव्हा ती पडवीत सुके बोंबील निवडत होती. मी आलोय म्हटल्यावर हात धुऊन, न विचारता, चहा टाकला. जुबेरच्या वाढदिवसाला शेवयांची खीर खाऊन याच पडवीत आम्ही लोळायचो. जुबेरचा कॉम्प्युटर बघायचाय म्हटल्यावर तिने कारण विचारलं नाही. किल्ल्यांचा जुडगा नुसता माझ्या हातात दिला.

खोली घराच्या दर्याकडच्या अंगाला. दार उघडलं तर आत बंद घराचा वास, आणि भिंतीपलीकडे लाटांचा तो कायमचा आवाज, जरा जास्तच जवळ वाटणारा. खिडकी खिळे मारून बंद केलेली. कोपऱ्यात टेबलावर त्याचा कॉम्प्युटर, वर फुलाफुलांचं टेबलक्लॉथ, त्यावर कौलांतून उतरलेलं एक मांजर झोपलेलं. मांजराला बाजूला केलं आणि पेटीवर हात ठेवला.

ती गरम होती. दिवसभर चाललेल्या मशीनसारखी.

मी स्वतःला सांगितलं, मांजराची ऊब. मग मागे वाकून बघितलं. वायर उंदरांनी केव्हाच कुरतडून टाकली होती, प्लगला दोन इंच शेपूट तेवढी शिल्लक. स्क्रू काढून झाकण उघडलं. आत सगळीकडे खाऱ्या हवेचा पांढरा थर, मुंग्यांचं वारूळ, आणि ज्या डिस्कमध्ये ती किल्ली असायची ती डिस्क गंजून फुगलेली. बोटाने दाबली तर कोपरा कोंड्यासारखा झडला. या वस्तूने पान पाडणं सोडा, ही भंगारवाल्यानेही घेतली नसती. मी झाकण लावलं. पत्रा अजून गरमच होता.

"सोमवारपासना तशीच ऊन आसा," दारातून सकिनाचाची म्हणाली. "म्हणान मांजर सोडणा नाय."

ती आत आली, टेबलक्लॉथ नीट घातलं, कोपरे सारखे केले.

"बाबू, तू काय आयकलंस तेचा?"

"नाय चाची."

"आयकलंस तर तिका सांगू नको." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "तिका जावंदे. चेडू सुकान गेला माझ्या घरात. माझो झील आसा, वाट बघूची तर मी बघीन. माका येवन सांग. तिका नको."

चहा पिऊन निघालो. दुकानात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. न बघून राहवेना, शिडी चढून वर गेलो. ओढ बरोबर एकला बदलली होती. सातशे नाही, साडेआठशे नाही. आठशे.

मी, आणि ट्रॉलरवरचे सात.

५

बुद्धी कशी असते बघा. आठशेचा आकडा दिसल्याबरोबर मी पहिल्यांदा गणित तपासायला बसलो. गुरुवारी संध्याकाळी सातपासून शनिवारी एकपर्यंत बेचाळीस तास. आठ कॉम्प्युटर लागले तर दोनशेच्या ओढीचा आठवडा बेचाळीस तासांतच संपतो. गणित चोख होतं. कोणी चोर असता, कुठल्या थंड देशातला भामटा असता, तर त्याने हजार मशीनं लावली असती. बरोबर सात कोण लावेल?

त्यानंतरच्या 'ज'च्या पानांवर ओळ होती. सगळ्या पानांवर एकच. 'प्रितेश, तिका सांग. मी आसंय.'

मला त्यातल्या त्यात एक धीर होता. जुबेरने मला आयुष्यात प्रितेश म्हटलं नव्हतं. तो मला मेल्या म्हणायचा. मेल्या खंय होतंस, मेल्या चाय सांग. म्हणजे हा तो नव्हेच. थोड्या वेळाने दुसरा विचार आला, की सहा वर्षं जिथे असेल तिथे राहिल्यावर माणसाची थट्टेची हौस जात असेल. मग धीर गेला.

रविवारी सकाळी मी मशीन बंद केलं. प्लग काढला, वायर गुंडाळून दोरीने बांधली, माळ्यावरच ठेवली. माझा हात निघाला की संपलं, असं मनाशी म्हटलं. योगिनीच्या लॅपटॉपवर ही वही नुसती वाचता येते, पानं पाडता येत नाहीत. तिला म्हटलं, तू लक्ष ठेव.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज वेगळा होता.

"तू मशीन परत लावलंस का?"

"नाही. का?"

"तुझी पानं येतायत, प्रितेश. दर सात-आठ पानांत एक. 'प्र' खुणेचं."

"काय लिहिलंय?"

"'सांगतंय.' इतकंच. प्रत्येक पानावर."

मी पळत वर गेलो. वायर बांधलेली तशीच. मशीन गार. खालून कोणी तरी आधारकार्डाची झेरॉक्स मागत होतं, आणि मी त्या गार पेटीवर हात ठेवून उभा. वकिलीणबाईंचं बोलणं आठवलं. नवरा आपण आला, नाहीतर त्याने माणूस धाडला. तो स्वतः येऊ शकत नव्हता. पण त्याच्याकडे माणूस होता.

त्या आठवड्यात मी सनोबरच्या घराकडच्या रस्त्याने गेलो नाही. सकाळी उठलो की तळवे दुखायचे, आत लाल वळ दिसायचे. शटर उचलून होत असेल. ग्राहकाशी बोलता बोलता मध्येच एखादं वाक्य तोंडात तयार होऊन बसायचं, मी ते गिळायचो. शनिवारी, सतरा तारखेला, योगिनीने कळवलं, बरोबर एकला ओढ पुन्हा मोजली गेली. मी हात काढलेला, तर सातशे यायला हवी होती, तीही उशिराने, रविवारी. आली ती वेळेवर. आठशे.

६

एकोणीस तारखेला चार वाजता सनोबरचाच फोन आला. तिचा भाऊ वकिलीणबाईंबरोबर कोर्टात गेला होता, आई-वडील बांद्याला मुनीरच्या घरी. "एकटी बसूक होणा नाय रे. येवन बस जरा. तासाभराचो प्रश्न."

नाही म्हणायला सबब नव्हती. मनाशी ठरवून गेलो की तोंड उघडायचंच नाही.

तिच्या माहेरची पुढची खोली छोटी, भिंतीवर मक्केचा फोटो आणि त्याखाली मोठं घड्याळ. त्याचा काटा सेकंदाला टकटक करायचा. तिने चहा दिला, बिस्किटं दिली, समोर बसली, उठली, पडदा सारखा केला, परत बसली. पावणेपाच. मी बिस्किटाचे तुकडे करत होतो. ते वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं, पूर्ण, तयार. जुबेर आसा. तेना सांगूक धाडल्यान. दातांवर दात दाबून धरले. माझा कामाला वाकलेला बाप दोर ओढताना तोंड असं आवळायचा.

पाचला ती म्हणाली, "बोल मा काय तरी."

आणि मी म्हणालो, "सनो गो."

मी म्हणालो नाही. माझ्या तोंडून आलं. 'सनो' तिला फक्त तोच म्हणायचा, तो शेवटचा 'गो' असा लांबवून, खिडकीतून हाक मारल्यासारखा. सनोबरच्या हातातला कप बशीवर वाजला. ती पांढरी पडली.

"तसा बोलू नको."

मी तोंडावर हात ठेवला. तळवे भाजल्यासारखे होत होते. बाहेर वाडीत कोणी नव्हतं, तरी काही तरी वाळूवरून ओढत नेल्याचा आवाज येत होता, संथ, थांबून थांबून.

"तू सांगूक इलंस," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. "तो आसा?"

माझं डोकं आपोआप हलू लागलं.

"थांब. आदी माझा आयक." ती पुढे सरकली. आवाज हळू होता, पण कापत नव्हता. "दोन वर्सां मी बंदरार उभी रवलंय. लोक म्हणत, चेडवाक वेड लागला. मगे माका तेचा तोंड आठवाचा बंद झाला. मगे आवाज. आता माका नुसते तेचे शर्ट आठवतत, एक निळो, एक चौकडीचो. तो इलो तर मी तेका वळखूचंय नाय, दादा. आणि तो माका वळखूचो नाय. तेची सनो मीच रवाक नाय. माका तां बांद्याचा पोर होया. माका दुपारी जेवन निजाक होया." तिने डोळे पुसले. "जो कोण आसात, तेका सांग, परत जा."

मला रडू फुटलं. जुबेरसाठी फुटलं, हे कबूल करतो. जन्मभराचा मित्र दारात उभा आहे, आणि त्याच्यातर्फे एक शब्द बोलायला मी एकटाच आहे. मी बोललो तर ती हरते. गप्प राहिलो तर तो. वाक्य आतून धडका मारत होतं. जीभ चावली, तोंडात रक्ताची चव आली. सगळ्या अंगाने मागे रेलून, टाचा रोवून, मी ते खेचून धरलं आणि दुसरंच वाक्य बाहेर काढलं.

"कोण नाय, सनोबर," मी म्हणालो. "कोणीच येवक नाय."

आवाज माझाच होता. बाहेरचं ओढणं थांबलं.

घड्याळ टकटकत राहिलं. पाच पस्तीसला तिच्या भावाचा फोन आला. कोर्ट उठलं, कोणी हजर झालं नाही. तिने फोन ठेवला आणि ओढणीत तोंड खुपसून पोटभर रडली. पाठोपाठ बांद्याहून फोन वाजला. त्या चिमुरडीला कोणी तरी आधीच सांगितलं असावं. ती काय म्हणाली मला ऐकू आलं नाही, पण सनोबर हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मान मागे टाकून. ते हसू मी लग्नाआधी ऐकलं होतं. त्या हसण्यासाठीच जुबेर वेडा झाला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मला फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी स्वतःचं तोंड कुठे लपवावं ते कळेना.

७

साडेसहाला दुकानात आलो. शटर अर्धं वर ठेवलं आणि माळ्यावर गेलो. मशीन गार, वायर बांधलेली. खिडकीतून बंदराकडचा संधिप्रकाश येत होता. तेवढ्यात योगिनीचा फोन.

"कुठे आहेस? बस आधी. पानं वाचते तुला." तिचा श्वास लागला होता. "साडेपाचपर्यंत नेहमीचंच. मग बदललं. पाच चाळीस. 'ज: हसली?'"

मी शिडीचा खांब धरला.

"पाच पन्नास. 'प्र: हसली.' सहा वाजता, 'ज: मगे बरां.'" मग तिने विचारलं, "सनोबर हसली का रे आज? तू कोणाला सांगितलंस?"

"नाही. मी आत्ताच आलो तिकडून."

"आणि आठांत एक तुझं पडायला हवं. आता एक त्याचं, एक तुझं पडतंय. असं होऊच शकत नाही." कळा दाबल्याचा आवाज आला. "सहा दहा. 'प्र: मी तिका सांगूक नाय.' सहा वीस. 'ज: म्हायत आसा. पण तू हंय कसो रे?'"

"पुढे?"

"हे आत्ताच पडलं. सहा तीस. 'प्र: तुका सोडून खंय जाव?'"

जुबेरने मला विचारलं असतं तर मी हेच म्हणालो असतो, अगदी याच शब्दांत. कोणी खोटं लिहिलं असतं तर मला कळलं असतं. हातांकडे बघितलं. वळ अजून होते, पण दुखत नव्हते.

"प्रितेश, मी ही वही आजच मुळापासून पुसून टाकते," योगिनी म्हणाली. तिला रडू येत होतं. "ऐकतोयस ना? मला भीती वाटतेय. थांब, आणखी एक आलं. अजून दहा मिनिटं झालीसुद्धा नाहीत. आणि हे एक. भराभर पडतायत. बांगड्यांचं काहीतरी लिहिलंय. आणि कलिंगडाचं."

खाली शटरवर कोणी तरी थाप मारत होतं. झेरॉक्स हवी असेल. मी शिडीच्या वरच्या पायरीवर बसलो, पाय खाली सोडले आणि फोन कानाला घट्ट धरला.

"पुसू नको," मी म्हणालो. "वाच."